पहिली .२२ घेताना: सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर रायफल निवडायची कशी?

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोललेलं जसं होतं, तसंच जवळजवळ ठेवलंय. वाचायला सोपं जावं म्हणून मधेमधे मथळे दिलेत.)

गाडीत असाल, जिममध्ये असाल, भांडी घासत असाल, जिथे असाल तिथे इयरफोन नीट लावा, कारण आजचा विषय आपल्याकडे फारसा कुणी बोलत नाही असा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या तरुण श्रोत्यांचा एक प्रश्न सारखा येतो. ऑफिसातले मित्र वीकेंडला रेंजवर जातात, आपणही एकदोनदा गेलो, मजा आली. आता स्वतःची एक .२२ घ्यावी म्हणतोय, तर कुठली घेऊ? रुगर घेऊ, स्मिथ अँड वेसन घेऊ, की अजून काही?

उत्तर देतो, मॉडेलची नावंही सांगतो. पण नावावर यायच्या आधी दोनतीन गोष्टी कळल्या नाहीत, तर चारशे डॉलर जातील आणि रायफल कपाटात पडून राहील. किंवा त्याहून वाईट काही होईल. म्हणून आज जरा सावकाश जाऊ.

रिमफायर म्हणजे काय?

काडतुसाची पितळी पुंगळी डोळ्यासमोर आणा. तिच्या बुडाला एक बारीक कड असते, तिला रिम म्हणतात. .२२ मध्ये आग पेटवणारं रसायन या कडेच्या आत भरलेलं असतं. फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते, रसायन पेटतं, दारू पेटते आणि गोळी सुटते. म्हणून रिमफायर. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हे रसायन बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत असतं, ते सेंटरफायर.

आज आपण .२२ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बोलणं असतं .२२ लाँग रायफल या काडतुसाबद्दल. ते १८८७ पासून चालत आलंय. आणि त्याच्याशी आपलं नातं नाही असं समजू नका. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, ते याच काडतुसावर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, तेही याच काडतुसावर. फक्त त्यांच्या रायफली सेमी-ऑटोमॅटिक नव्हत्या. त्या स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने भरायची असते.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये बसवणं हे रायफल स्वतःच करते. ही गोष्ट लक्षात ठेवा. या रायफलीची सगळी मजा त्यात आहे, आणि सगळा धोकाही त्यातच आहे. एक गोळी सुटली की ती पुढच्या गोळीसाठी आपणहून तयार होते. तुम्ही तयार असा वा नसा.

आधी कागद, मग रायफल

आता ज्यांना हे आधी कुणीच सांगितलं नसेल, त्यांनी हा भाग दोनदा ऐका.

तुम्ही अमेरिकेत एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ वर असाल, तर हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स.

आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरणं हेसुद्धा त्यात येतं. म्हणजे तुमचे आई-बाबा तीन महिन्यांसाठी फिरायला आलेत, बी-२ वर आहेत, आणि तुम्ही म्हणालात "चला बाबा, तुम्हाला गंमत दाखवतो", तर ही गंमत महागात पडू शकते. रेंजवाल्याने विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने असल्या गोष्टीवर ती रांग घालवायची का?

दुसरी गोष्ट. "तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे ना, तू तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो." हे मैत्रीत सहज बोललं जातं. कायद्याच्या भाषेत ही स्ट्रॉ परचेस. दुसऱ्यासाठी, त्याच्या पैशाने, आपल्या नावावर बंदूक घेणं हा गंभीर गुन्हा आहे. दुकानात जो फॉर्म ४४७३ भरता, त्यावर अगदी सुरुवातीलाच विचारलेलं असतं की खरा खरेदीदार तुम्हीच ना? तिथे खोटं लिहिलं की मैत्री राहिली बाजूला, दोघंही अडकता.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर संघराज्याच्या कायद्याने दुकानातून रायफल घ्यायला वय १८ लागतं आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यावर मग राज्यांचे कायदे. न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड लागतं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन चालत नाही. आणि सिएटल-रेडमंडवाल्यांनो, तुमच्या वॉशिंग्टन राज्यात तर २०१८ च्या जनमताने आलेल्या कायद्यात साधी .२२ सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा 'असॉल्ट रायफल'च्या व्याख्येत बसते. म्हणजे वय २१, प्रशिक्षणाचा दाखला आणि थांबण्याची मुदत, सगळं आलं.

हे कायदे बदलत असतात. म्हणून खरेदीच्या आठवड्यात आपल्या राज्याच्या सरकारी वेबसाइटवर बघा. व्हिसाचा जरा जरी गुंता असेल तर वकिलाला विचारा. यूट्यूबवरच्या भाऊला नको.

इतर देशांतल्या मंडळींसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर कायदा आला आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलींपैकी फक्त .२२ रिमफायरला परवान्यावर जागा उरली. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर तीही शेतकऱ्यांसारख्या मोजक्या लोकांपुरती राहिली. आणि भारतात? सेमी-ऑटोमॅटिक बंदुका शस्त्र नियमांत जास्त कडक वर्गात आहेत, त्यामुळे आपल्याकडे नेमबाज बोल्ट अ‍ॅक्शनवर शिकतात. तेव्हा पुण्या-मुंबईतून ऐकणाऱ्यांनी आजचा भाग माहिती म्हणून ऐका.

सेमी-ऑटोमॅटिकच हवी का?

कागद जमले. आता स्वतःला विचारा, ही रायफल घेऊन मी करणार काय?

घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे आणि त्याला शिकवायचंय, तर माझं स्पष्ट मत आहे, आधी एकेक गोळी हाताने भरायची बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. गोळी सुटली की रायफल रिकामी. मूल दचकून वळलं तरी पुढची गोळी चेंबरमध्ये नाही. शिवाय प्रत्येक गोळीला हाताने काम करावं लागलं की एकाग्रता आपोआप येते. कागदावर अगदी बारीक गट काढायची हौस असेल, तरी त्याच पैशात बोल्ट अ‍ॅक्शन सहसा जास्त अचूक मिळते.

सेमी-ऑटोमॅटिक कधी घ्यावी? वेगाने, लयीत नेमबाजी करायची असेल तेव्हा. उदाहरणार्थ स्टील चॅलेंज. लोखंडी पाट्या, टायमर, बहुतेक स्टेजवर पाच वेळा पाच-पाच गोळ्या. त्यासाठी मॅगझीनही पाच लागतात, हे खर्चात धरा. किंवा सीएमपीची रिमफायर स्पोर्टर स्पर्धा. तिथे ५० आणि २५ यार्डांवर झोपून, बसून, उभं राहून मारायचं असतं, त्यात जलद फेरीही येते. रायफलीचं वजन साडेसात पौंडांच्या आत आणि ट्रिगरचं वजन किमान तीन पौंड हवं. किंवा प्रोजेक्ट अ‍ॅपलसीडचं वीकेंड शिबिर. तिथे पट्टा हाताला आवळून २५ मीटरवर शिकवतात, आणि माझ्या मते पहिली .२२ घेतलेल्या माणसाने करण्यासारखं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

म्हणजे खेळ आधी ठरवा. खेळाच्या नियमांवरून रायफल निम्मी ठरते.

पोटात काय चालतं

आता यंत्राकडे येऊ. हे समजलं की दुकानदार काय विकतोय ते कळायला लागतं.

बहुतेक .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफली ब्लोबॅकवर चालतात. मोठ्या रायफलीत बोल्ट चेंबरला कुलूप लावल्यासारखा अडकतो. यांच्यात तसं कुलूप नसतं. बोल्ट फक्त स्वतःच्या वजनाने आणि मागच्या स्प्रिंगने जागेवर असतो. गोळी सुटली की वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट मागे जाताना पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगने पुढे येताना मॅगझीनमधलं नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवतो. साधं, स्वस्त, टिकाऊ.

पण या सगळ्याला लागणारी ताकद येते एका इवल्याशा काडतुसातून. ते थोडं कमजोर निघालं की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी दारात उभी अडकते. जास्त घाण साचली, तरी तेच. आणि .२२ घाण करतेच! तिची शिशाची गोळी उघडी असते, तिच्यावर मेणासारखं वंगण असतं. मेण, शिसं आणि जळकी दारू यांचा लेप बोल्टवर आणि चेंबरमध्ये चढत जातो.

म्हणून माझं आजचं मुख्य म्हणणं असं की, रिमफायर सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तुम्ही एकटी रायफल निवडत नसता. रायफल, काडतूस आणि मॅगझीन अशी तिघांची जोडणी निवडत असता. यातला एक बिघडला की बाकी दोघं निरुपयोगी.

काडतुसांचं म्हणाल तर ढोबळ दोन प्रकार पुरेत. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ मीटर, आवाजाच्या वेगापेक्षा थोडं कमी. आणि हाय व्हेलॉसिटी, साधारण ३७५ मीटर, आवाजापेक्षा जास्त. कागदावर स्टँडर्ड बरेचदा जास्त बारीक गट देतं. बोल्ट खात्रीने फिरवायला हाय व्हेलॉसिटी बरं पडतं. तुमच्या रायफलीला काय आवडतं हे तीच सांगेल. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींची आवड वेगळी निघते. तेव्हा मित्राच्या रायफलीत छान चाललं म्हणून पाच हजार काडतुसांचा खोका लगेच मागवू नका.

आणि मॅगझीन? रायफल अडकतेय म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात, आणि दोष निघतो मॅगझीनच्या ओठांत किंवा दमलेल्या स्प्रिंगमध्ये. मॅगझीन शक्यतो मूळ कंपनीचीच घ्या. प्रत्येकावर मार्करने नंबर टाका. दर वेळी तीन नंबरच अडकवत असेल, तर चोर सापडला.

आता नावं

बघा, आलो नावांवर.

रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, लाखोंनी खपली आहे. साधी कार्बाइन साडेअठरा इंची नळीची, वजन साधारण पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. दहा काडतुसांचं गोल फिरणारं मॅगझीन पोटात सपाट बसतं, खाली लोंबत नाही, आणि ते फार विश्वासाचं आहे. सुटे भाग इतके मिळतात की विचारू नका. नळी दोन स्क्रूंवर आहे, ट्रिगरचा अख्खा संच दोन पिनांवर निघतो. खोट काय? मूळ ट्रिगर जरा जड. आणि महत्त्वाचं, शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट आपणहून मागे उघडा राहत नाही. म्हणजे रायफल रिकामी झाली हे ती तुम्हाला सांगत नाही. यावर पुन्हा येतो.

स्मिथ अँड वेसन एम अँड पी १५-२२. २००९ ची. दिसायला आणि हाताळायला एआर-१५ सारखी. सेफ्टी, बोल्ट, मॅगझीनचं बटण सगळं त्याच जागी. हलकी आहे, बऱ्याच मॉडेलांचा दस्ता मागे-पुढे होतो, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहतो. स्टील चॅलेंजला मस्त. पण अशा रूपाच्या रायफलींवर काही राज्यांत वेगळे निर्बंध आहेत, ते आधी बघा.

सॅव्हेज ए२२. हिचा ट्रिगर मालकाला स्वतः हलका-जड करता येतो. कागदावर मारणाऱ्यांना आवडेल. सुट्या भागांचा बाजार मात्र रुगरएवढा नाही.

मार्लिन मॉडेल ६०. १९६० ची, नळीखाली लांब ट्यूबमध्ये काडतुसं भरायची. कित्येक अमेरिकन घरांत आजोबांची म्हणून असते. आता ती जुन्या बाजारातच जास्त भेटेल. अचूक असते, स्वस्त पडते, मॅगझीन हरवायची भीती नाही. पण ट्यूबमध्ये एखादं काडतूस मागे राहिलं तर पटकन दिसत नाही, म्हणून रिकामी करताना फार जपावं लागतं.

मला एकच नाव विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याला मी साधी १०/२२ सुचवतो. सुरुवातीला तिच्यावर काहीही चढवू नका. चारशेच्या रायफलीवर आठशेची दुर्बीण म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हिशेब असा करा. आठवड्याला शंभर काडतुसं मारलीत तर वर्षाला पाच हजार. एका काडतुसाला दहा सेंट धरले तरी पाचशे डॉलर. म्हणजे पहिल्याच वर्षी काडतुसांचा खर्च रायफलीच्या पुढे जातो. पैसा तिथे ठेवा. हात सरावाने बसतो.

अंगाला बसते का?

शर्ट घालून बघता ना, तसंच. विक्रेत्याला रायफल रिकामी असल्याचं दाखवायला सांगा, स्वतःही चेंबर बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि खांद्याला लावा. डोळे मिटा, गाल दस्त्यावर सहज टेकवा, डोळे उघडा. साइट समोर आली तर बसली. मान ताणावी लागली, गाल हवेत राहिला, तर नाही बसली. आपल्यातले बरेच जण उंचीने बेताचे. त्यांना लहान दस्त्याची कॉम्पॅक्ट आवृत्ती बरी पडते. त्यात कमीपणा काही नाही. लांब दस्त्यामुळे माणूस मागे रेलतो आणि उभ्याने मारताना नळी झुलत राहते.

दुर्बीण घेणार असाल तर रिमफायरसाठीची घ्या. मोठ्या रायफलीच्या साध्या दुर्बिणीचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर बसवलेला असतो, रिमफायरचा ५० वर. पॅरलॅक्स म्हणजे काय, तर डोळा जरा हलला की फुलीही लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसते. .२२ चं अंतर जवळचं, त्यामुळे हा फरक जाणवतो.

रेंजवरची परीक्षा

रायफल आली. आता तीन-चार प्रकारची काडतुसं पन्नास-पन्नास घ्या. ५० यार्डांवर, टेकू देऊन, प्रत्येक प्रकाराचे पाच गोळ्यांचे पाच गट काढा. एकच सुंदर गट फोटो काढून ग्रुपवर टाकायला ठीक, पण खरं काय ते पाचही गट मिळून सांगतात. कारखान्यातून आलेल्या साध्या रायफलीने गट एक इंचाच्या आसपास, म्हणजे आपल्या दहाच्या नाण्याएवढा ठेवला, तर खूश व्हा. सोबत वहीत लिहा, कितव्या गोळीला अडकली, कुठलं मॅगझीन, कुठलं काडतूस. दोन खेपांत जोडणी कळते.

जुनी घेत असाल तर टॉर्च न्या. चेंबरच्या तोंडाशी पिनेच्या माराने खड्डा पडलाय का बघा. नळीच्या पुढच्या टोकाची कड घासली गेलीय का बघा. जुन्या १०/२२ ची नळी मागून साफ करता येत नाही, लोक पुढून लोखंडी सळई घालतात आणि ती कड खराब करतात. तुम्ही मागून पुढे ओढायची दोरी वापरा.

जे चुकवून चालत नाही

आता मघाशी म्हटलं होतं ना, पुन्हा येतो म्हणून.

मॅगझीन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, हा समज डोक्यातून काढून टाका. सेमी-ऑटोमॅटिकने पुढचं काडतूस आधीच चेंबरमध्ये बसवलेलं असतं. क्रम एकच. आधी मॅगझीन काढा, मग बोल्ट मागे ओढून अडकवा, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. उलट केलंत, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि नंतर मॅगझीन काढलं, तर सोडलेल्या बोल्टने नवं काडतूस आत ढकललेलं असेल.

ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टिक' झालं, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. रिमफायरमध्ये काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि 'फुस्स' असा कमी आवाज आला, तर लगेच थांबा, रिकामी करा, नळी तपासा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. वेगात मारण्याच्या नादात मागून दुसरी सोडलीत, तर नळी फुटायची वेळ येते.

".२२ काय, खेळणंच!" असं म्हणणारे भेटतील. काडतुसाच्या डब्यावर वाचायला सांगा. गोळी दीड मैलापर्यंत धोक्याची असते असा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा बांध हवाच. कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवं. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चिवड्याला हात लावायचा नाही, कारण गोळीत आणि रसायनात शिसं असतं.

घरी आल्यावर रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. हे मी फक्त मुलांसाठी सांगत नाहीये. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरापासून हजारो मैल दूर आहात, नोकरी गेली, साठ दिवसांत दुसरी शोधायचीय, घरी फोनवर सांगवत नाही. असे दिवस आपल्यातल्या कुणावरही येतात. स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं मन ठिकाणावर नसेल, तर रायफल काही महिने घराबाहेर कायदेशीर जागी ठेवा. काही दुकानं आणि काही ठिकाणी पोलिसही ठेवून घेतात. आणि ९८८ या नंबरवर फोन करा, दिवसरात्र कुणीतरी उचलतं. त्यात लाज कसली?

शेवटची एक गोष्ट, गणपतीला किंवा दिवाळीला घरी येणाऱ्यांसाठी. जी सॅक रेंजवर नेता, ती विमानाला कधीही वापरू नका. कोपऱ्यात अडकलेलं एक .२२ चं काडतूस मुंबई विमानतळाच्या स्कॅनरला दिसतं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आई बाहेर गाडी घेऊन उभी आहे, आणि तुम्ही आत पोलिसांना समजावताय की अहो, शिवणाच्या फटीत राहिलं होतं. रेंजची सॅक वेगळी, प्रवासाची वेगळी.

चला, थोडक्यात सांगतो. आधी व्हिसा आणि राज्याचा कायदा. मग खेळ. मग अंगाला बसणारी साधी रायफल. मग तिच्याशी जमणारं काडतूस आणि नंबर टाकलेली मॅगझीन. बाकी दुर्बीण, रंगीत ट्रिगर, कार्बन फायबर, हे सगळं पाच हजार गोळ्यांनंतर. तोवर तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल काय हवंय ते.

प्रश्न असतील तर खाली लिहा. आपल्या राज्याचं नाव टाका, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. आणि एच-१बी वरचा एखादा मित्र या शनिवारी रेंजवर निघाला असेल, तर हा भाग त्याला आजच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!